निसर्गाची साक्ष आणि पावावरील बुरशी

वादांत आपला पक्ष दुबळा पडूं लागला म्हणजे मनुष्य कोणा तरी थोराचा आधार शोधूं लागतो. आमच्या आजोबांच्या पिढींत हा आधार स्मृतिवचनांचा असे. वडिलांच्या पिढींत ती जागा रूढीनें व लोकलज्जेनें घेतली. आणि आतां, शिकल्यासवरलेल्या कुटुंबांत तरी, ती निसर्गाकडे आली आहे. मुलीनें किती शिकावें, नोकरीसाठीं एकटीनें परगांवीं जावें कीं नाहीं, घरांतील आजारी माणसाची शुश्रूषा कोणीं करावी, असा कांहीं प्रश्न निघाला कीं दिवाणखान्यांतील एखादे गृहस्थ चष्मा पुसत शांतपणें सांगतात, ‘यांत कोणाचाच दोष नाहीं, स्त्री आणि पुरुष हा भेद निसर्गानेंच पेशीपेशींत कोरून ठेवला आहे.’ एवढें बोलून झालें म्हणजे वाद मिटला असें समजून चहा मागविला जातो. चहा कोणीं करावयाचा हेंही अर्थात् निसर्गानेंच ठरविलेलें असतें!

१८८२ सालीं ताराबाई शिंदे यांनीं ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली तेव्हां त्यांच्यासमोर पुराणें व शास्त्रवचनें उभीं होतीं. आज तीच तुलना कोणास नव्यानें करावयाची झाल्यास प्रतिपक्षाच्या बाजूनें गुणसूत्र पुढें येईल. साक्षीदार बदलला, परंतु न्यायासनावर बसणाराचें काम बदललें नाहीं. हा साक्षीदार खरें बोलतो काय, आणि खरें बोलत असल्यास प्रस्तुत खटल्याशीं त्याचा संबंध काय, हे दोन प्रश्न त्यास विचारलेच पाहिजेत. आमचा व्यवसाय तत्त्वज्ञान शिकविण्याचा. जीवशास्त्र आम्ही जिज्ञासु वाचक या नात्यानेंच जाणतों. तथापि गेल्या कांहीं दशकांत बुरशीसारख्या क्षुद्र जीवावर जे प्रयोग झाले त्यांचा या उलटतपासणीस फार उपयोग होतो असें आम्हांस वाटतें. म्हणून ते येथें जरा विस्तारानें सांगतों.

प्रथम साक्षीदाराची ओळख करून घेऊं. हर्मन हेंकिंग या जर्मन शास्त्रज्ञास १८९१ सालीं एका ढेकणासारख्या कीटकाच्या पेशींत इतरांहून निराळा वागणारा एक कण दिसला. त्याचें स्वरूप न कळल्यामुळें त्यानें त्यास ‘एक्स’ हें अक्षर दिलें. पुढें १९०५ सालीं नेटी स्टीव्हन्स या अमेरिकन विदुषीनें पिठांतील किड्यांच्या पेशी तपासून पाहिल्या. मादीच्या पेशींत वीस मोठीं गुणसूत्रें होतीं, नराच्या पेशींत एकोणीस मोठीं व एक लहान. या लहानग्यासच पुढें ‘वाय’ असें नांव पडलें. मनुष्यांतही तोच प्रकार आहे: स्त्रीच्या पेशींत दोन एक्स, पुरुषाच्या पेशींत एक एक्स व एक वाय. आणि हें वाय एक्सपेक्षां लांबीनें कमी तर आहेच, पण त्यावरील जनुकांची संख्या एक्सच्या मानानें अगदींच थोडी आहे. एके काळीं हीं दोन्ही गुणसूत्रें सारखीं होतीं. दहा कोटींहून अधिक वर्षांच्या कालावधींत वायची झीज झाली.

ही झीज कां व्हावी? या प्रश्नाचा विचार हर्मन मुलर यांनीं विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांतच आरंभिला होता. त्यांची उपपत्ति आमच्या वाचकांस पोथ्यांच्या दृष्टांतानें चटकन् उमजेल. हस्तलिखित पोथीची नक्कल करतांना लेखनिकाच्या हातून चुका होणारच. परंतु एकाच ग्रंथाच्या दोन प्रती जवळ असल्या तर एकींत चुकलेली ओळ दुसरीवरून नीट करतां येते. एकनाथांनीं शके १५०६ मध्यें ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती अनेक प्रती ताडून पाहूनच. गुणसूत्रांचेंही असेंच आहे. बीजपेशी तयार होण्याच्या वेळीं गुणसूत्रांची प्रत्येक जोडी शेजारीं येऊन आपल्या तुकड्यांची अदलाबदल करते. या देवघेवीस पुनःसंयोग म्हणतात. तिच्यामुळें चांगला तुकडा वाईट तुकड्याच्या संगतींतून सुटतो आणि पुढील पिढींत निर्दोष प्रत तयार होऊं शकते. एक्सला स्त्रीच्या देहांत जोडीदार मिळतो. वायला मात्र आपल्या बहुतेक लांबींत अशी ताडून पाहण्याजोगी दुसरी प्रत कधींच मिळत नाहीं. चुका सांचत जातात, मागें फिरत नाहींत. १९६४ सालीं मुलर यांनीं याला एकाच दिशेनें फिरणाऱ्या दातेरी चाकाची उपमा दिली.

उपपत्ति सुरेख आहे, पण सुरेख असणें म्हणजे सिद्ध असणें नव्हे. वाय गुणसूत्र एकटें आहे हें खरें. पण तें सदैव नराच्याच देहांत असतें, हेंही खरें. शुक्रपेशी तयार होतांना पेशींचें विभाजन अधिक वेळां होतें, म्हणून चुकाही तेथें अधिक होतात. एकूण समाजांत तीन एक्समागें वाय एकच असतें. शिवाय जें जनुक नराला हितकर तेंच मादीला अहितकर असूं शकतें. या हितविरोधामुळेंच दोन गुणसूत्रांमधील देवघेव बंद पडली असावी, असें मत दीर्घकाळ प्रचलित होतें. म्हणजे एका कार्याच्या पाठीमागें चार कारणांचा गुंता. विल्यम राइस यांनीं १९९४ सालीं फळमाशीच्या गुणसूत्राची देवघेव मुद्दाम बंद ठेवली, तेव्हां पस्तीस पिढ्यांतच ऱ्हासाचीं चिन्हें दिसलीं. यावरून एकाकीपणाचा परिणाम कळला. पण नरत्व, मादीत्व आणि त्यांचा कलह यांचा हिशेब वेगळा निघाला नाहीं. त्यासाठीं असा जीव पाहिजे होता कीं, ज्यांत मीलन आहे, मीलनास दोन निराळे पक्ष लागतात, परंतु त्यांतील एकही पक्ष नर नाहीं व एकही मादी नाहीं.

असा जीव पावावर सांपडला. १८४३ च्या सुमारास पॅरिसमधील सैन्याच्या पावावर नारिंगी रंगाची बुरशी इतकी माजली कीं सरकारास चौकशी नेमावी लागली. हीच पुढें न्यूरोस्पोरा या नांवानें प्रसिद्धीस आली. १९२७ सालीं शिअर व डॉज यांनीं हें नांव दिलें. उष्णतेनें हिचे बीजाणु मरण्याऐवजीं जागे होतात, म्हणून आग लागून गेलेल्या जागीं ती हटकून उगवते. आपल्या शेजारीं कर्नाटकांत उसाच्या शेतांतील हिच्या एका जातीचा जीवनक्रम बंगलोर येथील रमेश माहेश्वरी यांनीं अभ्यासिला आहे, आणि जावा बेटांतील लोक तीच जाति आंबवणासाठीं वापरून ओंचोम नांवाचा खाद्यपदार्थ करतात. शास्त्रांत हिची योग्यता मोठी आहे. बीडल व टेटम यांनीं १९४१ सालीं हिच्याच साहाय्यानें जनुकांचें कार्य उलगडून दाखविलें व त्याबद्दल त्यांस १९५८ चें नोबेल पारितोषिक मिळालें. हिचीं सात गुणसूत्रें बार्बरा मॅक्लिंटॉक यांनीं १९४५ सालीं मोजून दाखविलीं.

या बुरशींत दोन मीलनप्रकार आहेत. शास्त्रज्ञ त्यांस मोठा ए व लहान ए म्हणतात. त्यांत मोठेपणा वा लहानपणा कांहीं नाहीं, केवळ अक्षराच्या वळणाचा फरक आहे. एका प्रकाराचें मीलन दुसऱ्याशींच होतें. परंतु दोहोंपैकीं कोणताही प्रकार फलधारणेचा भाग उचलूं शकतो व कोणताही बीज पुरविण्याचा. आज जो आई तो उद्यां बाप! भेद आहे, भेदावांचून मीलन नाहीं. तरीही त्या भेदावरून कामाची वांटणी झालेली नाहीं. दिवाणखान्यांतील आमच्या गृहस्थांस ही वस्तुस्थिति बरीच अडचणीची वाटेल.

या कुलांतील एका जातीचें नांव टेट्रास्पर्मा, म्हणजे चार बीजाणूंची. इतर जातींच्या कोशांत आठ बीजाणु असतात व प्रत्येकांत एकाच प्रकारचीं केंद्रकें. हिच्या कोशांत मात्र चारच मोठे बीजाणु, आणि प्रत्येकांत दोन्ही प्रकारांचीं केंद्रकें शेजारीं शेजारीं नांदतात. एकच बीजाणु रुजला तरी त्यापासून होणाऱ्या तंतूंत दोन्ही पक्ष उपस्थित असल्यामुळें जोडीदार शोधण्याचे कष्ट वांचतात. ही सोय नीट चालावयाची तर मीलनप्रकार ठरविणारा भाग आणि गुणसूत्राचा मध्यबिंदु यांमध्यें अदलाबदल होतां कामा नये. तितक्यापुरती ती बंद पडली असती तर नवल नव्हतें. परंतु १९९६ व २००० सालच्या संशोधनांत असें दिसून आलें कीं, ही बंदी टोंकें सोडून जवळजवळ सगळ्या गुणसूत्रावर पसरली आहे, गरजेच्या कितीतरी पलीकडे. लिंगगुणसूत्रांची बाल्यावस्था कशी असते हें पाहण्यास याहून सोयीचें स्थळ नाहीं, असें २००८ सालीं हाना योहानेसन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखवून दिलें.

मग प्रयोगशाळेंत खरी झडती सुरू झाली. डेव्हिड जेकबसन यांनीं २००५ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत या जातीचें मीलनगुणसूत्र तिच्या आठ बीजाणूंच्या बहिणींत, पिढ्यान् पिढ्या संकर करून, नेऊन बसविलें. घर बदललें तर बंदी सुटते काय, हा प्रश्न. उत्तर असें आलें कीं, बंदीचें कारण कांहीं अंशीं या गुणसूत्राच्या रचनेंत आहे व कांहीं अंशीं इतर गुणसूत्रांवरील जनुकांत. २०११ सालीं असें आढळलें कीं जोडींतील एका गुणसूत्राचे मोठाले तुकडे उलटे फिरलेले आहेत, आणि साहजिकच अनेकांनीं मानलें कीं रचना भिन्न झाली म्हणून देवघेव थांबली. २०१७ सालच्या तपासणींत क्रम उलटा निघाला. आधीं देवघेव थांबली होती. रचनेंतील फरक मागाहून पडले. ज्यास आपण विभक्तपणाचें कारण समजत होतों तें त्याचें फळ होतें.

यीस्टवर झालेले प्रयोग आणखी सुटसुटीत आहेत, कारण तेथें पिढ्या लवकर होतात व मीलन चालू ठेवणें किंवा बंद करणें प्रयोगकर्त्याच्या हातीं असतें. २००५ सालच्या एका प्रयोगांत कठीण परिस्थितींत मीलन करणारें यीस्ट न करणाऱ्यापेक्षां लवकर सुधारलें. सुखाच्या परिस्थितींत दोहोंत फरक पडला नाहीं. २०१६ सालीं हार्वर्डमधील संशोधकांनीं यामागची यंत्रणाच दाखविली: मीलन नसेल तर एखाद्या चांगल्या बदलाच्या पाठीवर बसून दहा वाईट बदलही समाजभर पसरतात.

परंतु आमच्या खटल्यांतील मुख्य साक्ष फुलांच्या काजळीची. युरोपांतील सायलीनी नांवाच्या रानफुलांवर मायक्रोबोट्रियम ही बुरशी वाढते. ती फुलाच्या परागकोशांत शिरून परागांच्या जागीं आपले काळे बीजाणु भरते, म्हणजे मध गोळा करणारे कीटक नकळत तिचेच वाहक होतात. नर फुलांत हें जमलें. पण मादी फुलांत परागकोशच नसतात, तेथें काय करावें? ही बुरशी मादी फुलास नरासारखे परागकोश फुटावयास लावते! त्या वनस्पतींत स्वतःचीं एक्स व वाय गुणसूत्रें आहेत. पेशीपेशींत कोरलेला तो लेख ही काजळी खुशाल धाब्यावर बसविते.

या बुरशीचींही मीलनगुणसूत्रें दोन, आणि मायकेल हूड यांनीं २००२ सालीं दाखविल्याप्रमाणें आकारानें एकमेकांहून अगदीं भिन्न. बाहेरून पाहणारास वाटावें कीं हीं एक्स व वायच. परंतु येथें नर नाहीं, मादी नाहीं, दोन पक्षांच्या राहणीत फरक नाहीं, हितविरोध नाहीं. तरीही देवघेवीची बंदी टप्प्याटप्प्यानें गुणसूत्रभर पसरली आहे, भिंतीवर एकावर एक रंगाचे थर चढावेत तशी. २०१७ सालीं तात्याना जिरो यांच्या मंडळीनें हें सिद्ध केलें. कलहाशिवाय असें होऊं नये, हें जुनें मत तेवढ्यापुरतें तरी कोसळलें. मग कशामुळें होतें यावर अद्याप वाद आहे. जोडीदाराच्या निरोगी प्रतीच्या आडोशास लपलेले दोष या बंदीस पोसतात, अशी एक उपपत्ति २०२२ मध्यें पुढें आली आहे.

आणि झीज? ती दोघांचीही होते. वायच्या बाबतींत एकटाच झिजतो, कारण एक्सला स्त्रीच्या देहांत विसांवा मिळतो. बुरशींत तसा विसांवा दोहोंपैकीं कोणासही नाहीं. प्रत्येक दुसऱ्याच्या सहवासांतच असतो, पण दोघांमध्यें देवघेव मात्र नसते. म्हणून २०१५ सालच्या अभ्यासांत दोन्ही गुणसूत्रांवर दोष सांचलेले दिसले.

उलटतपासणींत निष्पन्न काय झालें तें पाहूं. वाय गुणसूत्र झिजलें तें नराचें म्हणून नव्हे, एकटें पडलें म्हणून. दोन पक्ष भिन्न असणें ही एक गोष्ट, त्यांचीं कामें भिन्न असणें दुसरी, व त्यांत उच्चनीच असणें तिसरी. बुरशींत पहिली आहे, दुसरी व तिसरी नाहींत. वृत्तपत्रांतून अधूनमधून पुरुषजातीचें वाय लवकरच नाहींसें होणार अशी भाकितें येतात व त्यावर चेष्टामस्करी होते, तीही या दृष्टीनें पोकळच ठरते. जपानांतील एका काटेरी उंदराच्या जातींत वाय खरोखरच नाहींसें झालें आहे, आणि नर उंदीर सुखरूप आहेत. तेव्हां साक्षीदाराच्या तोंडीं जें वाक्य घातलें जात होतें तें त्याचें नव्हेच, एवढें ठरलें.

आतां वाचकांपैकीं जे सुधारणावादी असतील, आणि आम्ही स्वतःस त्यांतच गणतों, त्यांना येथें एक मोह होईल. तो वाढावा अशी आणखी एक हकीकत आहे. टेट्रास्पर्मा जातीचें गुणसूत्र इतकी दीर्घ बंदी सोसूनही अपेक्षेइतकें कसें नासलें नाहीं याचा शोध घेतां, २०१२ व २०१६ सालीं असें आढळलें कीं, देवघेव मोकळी असलेल्या जवळच्या जातींकडून त्यांत वेळोवेळीं मोठाले तुकडे आले आहेत. परक्याच्या रक्तानें घराणें तगलें. काय सुंदर दाखला! जातिभेद मोडावा, मिश्रविवाह व्हावेत, सोंवळ्यानें कुळें बुडतात, असें सांगणारास आयतें व्याख्यान मिळालें.

आमचें म्हणणें असें कीं, हें व्याख्यान देऊं नये. मिश्रविवाहाचे आम्ही पुरस्कर्ते आहोंत, पण बुरशीच्या शिफारशीवरून नव्हे. टेट्रास्पर्माची साक्ष आपल्या बाजूची म्हणून मान्य केली, तर उद्यां दुसरा कोणी दुसरी बुरशी घेऊन येईल. कुजक्या लाकडावर उगवणाऱ्या स्किझोफायलम या अळंब्यांत मीलनप्रकार वीस हजारांहून अधिक आहेत. त्यावरून विवाहसंस्थेविषयीं कोणता नियम काढावयाचा? पुण्यांतील इरावती कर्वे १९२७ नंतर बर्लिनला गेल्या तेव्हां तेथील त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशांची श्रेष्ठकनिष्ठता शरीररचनेवरून ठरूं पाहणाऱ्या पंथाचे होते. कवट्या मोजून इरावतीबाईंनीं जो निष्कर्ष काढला तो गुरूस हवा तसा नव्हता. त्यांनीं मोजलेलें तें लिहिलें. परंतु कल्पना करा कीं मापें उलट आलीं असतीं. तर त्यामुळें एका मनुष्यानें दुसऱ्यास तुडविणें न्याय्य ठरलें असतें काय? ज्यांचा न्याय मापांवर अवलंबून आहे त्यांस या प्रश्नाचें उत्तर देतां येत नाहीं.

मिल्ल यांचा निसर्गावरील निबंध त्यांच्या मृत्यूनंतर १८७४ सालीं प्रसिद्ध झाला. निसर्गाचें अनुकरण हा नीतीचा पाया होऊं शकत नाहीं, हा त्याचा गाभा. उत्क्रांतीचे कट्टे पुरस्कर्ते असलेले हक्स्ली यांनींही १८९३ सालच्या व्याख्यानांत नीति ही विश्वक्रमाशीं झगडून मिळविलेली वस्तु असल्याचें प्रतिपादिलें. आमच्याकडे आगरकरांच्या पिढीनें मिल्ल व स्पेन्सर दोघांचेंही अध्ययन केलें. त्यांतील स्पेन्सर हा नीतीस उत्क्रांतीच्या गळ्यांत बांधूं पाहणारा. या दोन गुरूंचें या मुद्द्यावर जमत नाहीं ही गोष्ट आमच्या सुधारकांनीं म्हणावी तितकी मनावर घेतली नाहीं, आणि तो घोळ अजून आमच्या दिवाणखान्यांत चालू आहे.

यावर कोणी विचारील कीं, निसर्गाची साक्ष दोन्ही बाजूंनीं बाद, तर मग हे प्रयोग वाचण्यांत काय अर्थ? अर्थ पुष्कळ आहे. खोटी साक्ष बाद होणें हें खटल्यांत लहानसहान काम नव्हे. ज्या बापानें मुलीस परगांवच्या विद्यापीठांत धाडावयाचें नाकारलें, त्यास आतां निसर्गाच्या आड उभें राहतां येणार नाहीं. पैसे नाहींत, भीति वाटते, लोक काय म्हणतील, घरीं म्हातारी आहे, जें काय खरें कारण असेल तें त्यास उघड्यावर येऊन सांगावें लागेल. आणि खरीं कारणें एकदां समोर आलीं म्हणजे मुलगी त्यांना उत्तर देऊं शकते. म्हातारीची व्यवस्था लावतां येते, पैसा उभा करतां येतो, भीतीचेंही कांहीं करतां येतें. निसर्गनियमापुढें मात्र तिला बोलतांच येत नव्हतें.

नेटी स्टीव्हन्स या बाई १८६१ सालच्या. शिक्षकी करून पैसे साठवीत त्यांनीं पस्तिसाव्या वर्षीं स्टॅनफर्ड विद्यापीठांत प्रवेश घेतला. ब्रिन मॉर महाविद्यालयांतून डॉक्टरेट मिळाली ती १९०३ सालीं, आणि दोनच वर्षांनीं त्यांनीं किड्याच्या पेशींतील तें विसावें, लहान गुणसूत्र पाहिलें. पुढील संशोधनासाठीं महाविद्यालयानें त्यांच्याकरितां खास प्राध्यापकपद निर्माण केलें. तें स्वीकारण्यापूर्वीं, १९१२ च्या मे महिन्यांत, त्या कर्करोगानें वारल्या. संशोधनाला त्यांस जेमतेम नऊ-दहा वर्षें मिळालीं. त्यापूर्वींचीं वीस वर्षें कशांत गेलीं याचें उत्तर त्यांच्या सूक्ष्मदर्शकाखालीं नव्हतें.